वज्जींची चैत्ये आणि आपली



मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींचे गणराज्य बुडवायचे होते. चढाई करावी की न करावी याचा अंदाज घेण्यासाठी त्याने आपला महामंत्री वस्सकार ब्राह्मण याला राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर तथागतांकडे धाडले. भगवंतांनी वस्सकाराला सरळ उत्तर दिले नाही. पाठीशी उभा राहून वारा घालणाऱ्या आनंदाकडे वळून त्यांनी सात प्रश्न विचारले. वज्जी वरचेवर सभा भरवितात काय, एकदिलाने जमतात व एकदिलाने उठतात काय, ठरलेले नियम पाळतात काय, वृद्धांचे ऐकतात काय, कुलस्त्रियांवर बळजबरी तर करीत नाहीत ना, अर्हतांना आसरा देतात काय. या सातांमध्ये सहावा प्रश्न असा होता की, वज्जींच्या नगरात आणि नगराबाहेर जी त्यांची चैत्ये आहेत त्यांचा मान ते राखतात काय, आणि पूर्वीपासून त्यांना जे देत आले ते त्यांनी बंद तर केले नाही ना. सातही बाबतींत वज्जी नीट वागतात असेच आपण ऐकले आहे, असे आनंदाने सांगितले. तेव्हा भगवंत म्हणाले की असे आहे तोवर वज्जींची वाढच होईल, हानी होणार नाही. वस्सकार काय समजायचे ते समजला आणि निरोप घेऊन गेला.

आपल्या विहारांतून महापरिनिब्बाण सुत्तातील हा भाग पुष्कळदा सांगितला जातो. सभेचे कलम आले की वक्त्याला लोकशाही आठवते आणि त्याचा आवाज चढतो. सहाव्या कलमावरून मात्र तो पळतच पुढे जातो. त्याला कारण आहे. वैशालीची ती चैत्ये बुद्धाची नव्हती. उदेन, गोतमक, सत्तंब, बहुपुत्त, सारंदद ही त्यांची नावे. जुन्या झाडांखालची, यक्षांच्या नावाची, बुद्धाच्या आधीपासूनची लोकस्थाने होती ती. मग २२ प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने या कलमाचे काय करावे? देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडून आलो, खंडोबा-म्हसोबाचे नवस सोडले, आणि आता कुठल्या तरी टेकाडावरच्या जुन्या दगडाला मान द्यायचा? हा प्रश्न घराघरात विचारला जातो. विशेषतः ज्या घरात धम्म नव्याने आला आहे तिथे तरुण मुलगा तो विचारतो आणि म्हातारी गप्प बसते. म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

तथागतांनी यक्षापाशी नवस करा असे कुठेच सांगितले नाही. वज्जींना हे सात नियम त्यांनी स्वतःच पूर्वी सांगितले होते, आणि ते कुठे सांगितले? वैशालीच्या सारंदद चैत्यात बसून. आयुष्याच्या अखेरच्या प्रवासात त्यांनी आनंदाला ही चैत्ये रमणीय आहेत असे म्हटले. बुद्धाने त्या जागी यक्ष मागितला नाही आणि यक्षाची जागा मोडायलाही सांगितले नाही. ते एका मंत्र्याला समाज कशाने टिकतो हे सांगत होते. ज्या समाजाला आपल्या आधीच्यांची जागा ओळखता येते, जो तिच्याकडे पाठ फिरवीत नाही, त्याला बाहेरच्या राजाने फोडणे अवघड. पुढे अजातशत्रूला वज्जींना जिंकता आले ते वस्सकाराने त्यांच्यात आधी फूट पाडली तेव्हाच, असे अट्ठकथा सांगतात. पूजा आणि राखण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूजेत माणूस दगडाकडे काही मागतो. राखणीत तो दगडासाठी काही करतो आणि त्याच्याकडून एकच गोष्ट घेतो, ती म्हणजे साक्ष.

आपण ज्या भूमीत राहतो तिथे अशी साक्ष किती आहे हे आपल्याच लोकांना ठाऊक नाही. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूर का निवडले याचा खुलासा केला होता. बौद्ध धम्माचा प्रसार नाग लोकांनी केला आणि त्या नाग लोकांची ही भूमी, असे त्यांनी सांगितले. हे ऐकून आपण टाळ्या वाजविल्या. पण त्यानंतर किती जण पवनीला गेले?

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी हे गाव आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि केंद्रीय पुरातत्त्व खाते यांनी मिळून तिथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली जगन्नाथ टेकडी खणली गेली आणि तिच्या पोटातून विटांचा स्तूप निघाला. सोबत कठड्याचे दगडी खांब निघाले, त्यांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत होती. पवनीच्या शिल्पांत मुचलिंद नाग आहे आणि त्याचे नाव दगडावर कोरून ठेवले आहे. संबोधीनंतरच्या सप्ताहात पावसात भगवंतांवर फणा धरणारा तोच मुचलिंद. नागांच्या भूमीत नागाचे नाव दोन हजार वर्षे मातीखाली जपून राहिले होते. ते वाचायला आपण उशिरा पोचलो.

पवनी ही एकच जागा आहे असे समजू नका. नागपूर जिल्ह्यातच कुही तालुक्यात अडम येथे तटबंदीचे प्राचीन नगर आहे, तिथे पुरातत्त्व खात्याने १९८८ पासून उत्खनन केले. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला विजासन टेकडीत कोरलेली लेणी आहेत, आत लांब बोळ आहेत आणि बोळाच्या टोकाला बसलेल्या बुद्धाची मूर्ती अंधारात आहे. काटोल रस्त्यावर, शहरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर जुनापाणी आहे. तिथल्या शिलावर्तुळांबद्दल पुढे बोलू. आणि रामटेकच्या वाटेवर मनसर आहे, त्याच्याबद्दल तर बोललेच पाहिजे.

या जागा नाहीशा कशा होतात? शत्रूच्या सैन्याने त्या जाळल्या असे आपण मनात धरून बसतो. क्वचित तसेही झाले असेल. पण बहुतेक जागा विटांच्या मोहाने गेल्या. सारनाथला, जिथे भगवंतांनी पहिले प्रवचन दिले तिथे, अशोकाने बांधलेला धर्मराजिक स्तूप होता. १७९४ साली काशीच्या जगतसिंगाच्या माणसांनी बांधकामासाठी तो खणला. आतून दगडी पेटी निघाली, तिच्यात करंडक आणि त्यात अस्थी होत्या. त्या अस्थी गंगेत सोडून देण्यात आल्या. त्यांना वाईट हेतू होता असेही म्हणता येत नाही. अस्थी मिळाल्या तर त्या गंगेत सोडाव्यात एवढेच त्यांना माहीत होते. आंध्रातील अमरावतीचा महाचैत्य त्याच सुमारास एका जमीनदाराच्या नव्या गावाला दगड पुरविण्यासाठी फोडला गेला. उरलेली शिल्पे आज चेन्नईच्या आणि लंडनच्या संग्रहालयात बघायला मिळतात, आणि मूळ जागी राहिले एक टेकाड.

आपल्याकडे तोच प्रकार लहान मापाने चालतो. धुऱ्यावर उकरताना हातभर लांबीची जुनी वीट निघते आणि ती ओट्याला बसवली जाते. कोरीव दगड धुण्यासाठी विहिरीवर जातो. टेकडीचा मुरूम रस्त्याला लागतो, वर्तुळाचा दगड गिट्टी होतो. कोणी चोरी केली असे कोणालाच वाटत नाही, कारण जागा सरकारी आहे, म्हणजे कोणाचीच नाही.

हा विचार बौद्धाला मुळीच शोभत नाही, आणि का शोभत नाही ते विनयपिटकात आहे. चुल्लवग्गात एक हकीकत येते. एका गावाजवळच्या आवासात राहणारे भिक्खू येणाऱ्या-जाणाऱ्या भिक्खूंची राहण्याची सोय करून करून कंटाळले. त्यांनी एक युक्ती केली. संघाची सगळी शयनासने त्यांनी एकाच भिक्खूला देऊन टाकली आणि आपण त्याच्या जागेत राहू लागले. पाहुणे भिक्खू आले आणि म्हणाले, आम्हाला जागा द्या. हे म्हणाले, संघाची जागाच नाही, आम्ही सगळे एकाला दिले. ही गोष्ट भगवंतांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी त्या भिक्खूंची निर्भर्त्सना केली आणि नियम घालून दिला. आराम व आरामाची जमीन, विहार व विहाराची जमीन, तसेच मंच-पीठ, लोखंडी भांडी, बांबू-गवत-माती असे पाच वर्ग कोणालाही देता येत नाहीत. संघाने दिले, गटाने दिले की एकट्याने दिले, तरी ते दिले गेले असे होत नाही.

शेवटचे वाक्य पुन्हा मनाशी घोळवा. सगळा संघ एकमताने म्हणाला तरी ते देता येत नाही. का? कारण तो संघ चातुर्दिश आहे. चारी दिशांचा आहे, आलेल्यांचा आणि अजून न आलेल्यांचा. नाशिक, कार्ले येथील लेण्यांतल्या दानलेखांत हा चारी दिशांचा संघ नावानिशी येतो. कार्ल्याच्या दारावर वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराचे नाव आहे. कोकणातल्या कुड्याच्या लेण्यांत एका माळ्याचे आणि एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान आहे. हे मोठे राजे नव्हते. आपल्या घामाचा पैसा त्यांनी अशा जागेला दिला जी त्यांची स्वतःची होणार नव्हती आणि कोणाचीच खाजगी होणार नव्हती. सार्वजनिक जमीन म्हणजे काय हे आपल्या पूर्वजांनी दगडावर लिहून ठेवले आहे. सातबाऱ्यावर सरकारचे नाव असले म्हणजे आपला संबंध संपला असे ज्याला वाटते त्याने हे लेख वाचावेत.

आता नगरातल्या चैत्याकडे वळतो. दीक्षाभूमी ही मुळात व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटची मोकळी जागा होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे लाखो लोकांनी धम्म स्वीकारला. ती जागा स्मारकासाठी मिळावी म्हणून नंतर लोकांनी मागणी लावून धरली आणि ती मिळविली. शिवदानमल या वास्तुशिल्पकाराच्या आराखड्याप्रमाणे तिथे आतून पोकळ असा १२० फुटांचा घुमट उभा राहिला. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्या स्तूपाचे लोकार्पण झाले. भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेच्या अनुराधपुराहून आणलेल्या रोपाचा बोधिवृक्ष त्याच्या अंगणात आहे.

त्याच अंगणात विकासकामातील एक भाग म्हणून भूमिगत वाहनतळाचे खोदकाम सुरू झाले. खोल खड्ड्यामुळे स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धोका पोचेल अशी लोकांना भीती वाटली. १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक दीक्षाभूमीवर जमले. काम बंद पडले आणि त्याच दिवशी विधानसभेत उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी स्थगिती जाहीर केली. लोकांनी मनावर घेतले तर काय होऊ शकते याचा याहून ताजा दाखला शोधायला नको. पण त्या दिवशी बांधकामाच्या साहित्याची मोडतोड झाली आणि आगही लावली गेली. धम्माच्या अंगणात ती आग मला मान्य नाही. लोकांच्या भीतीत तथ्य होते की नव्हते हा अभियंत्यांचा प्रश्न आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. खड्डा एका रात्रीत पडत नाही. आराखडा कागदावर होता, निविदा निघाली, यंत्रे आली, माती उपसली गेली. वज्जींचा पहिला नियम वरचेवर सभा भरविण्याचा आहे. वरचेवर जमणाऱ्या लोकांना आराखडा कागदावर असतानाच कळतो आणि त्यांना काठी उचलावी लागत नाही. जे वर्षातून एकदाच जमतात त्यांना खड्डा दिसतो तेव्हाच कळते. सहावा नियम पहिल्यापासून वेगळा काढता येत नाही, असे मला वाटते ते यासाठी.

आता मनसर. मनसर म्हटले की लोकांना मँगनीजची खाण आठवते. पण तिथल्या टेकड्यांकडे संशोधकांचे लक्ष फार दिवसांपासून होते. १९७२ साली तिथे एक तुंदिल, हसऱ्या चेहऱ्याची शिवमूर्ती मिळाली, ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. रामटेक-मनसरच्या परिसराशी नागार्जुनाचे नाव परंपरेने जोडले जाते. त्यामुळे भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई यांच्या पुढाकाराने बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्र उभे राहिले. १९९८ च्या सुमारास या संस्थेने रीतसर परवाना घेऊन उत्खनन सुरू केले आणि ते काही वर्षे चालले. जगत्पती जोशी आणि अरुण कुमार शर्मा यांनी ते काम पाहिले. पवनीला जे जोशी होते तेच हे. एका बौद्ध संस्थेने शास्त्रीय उत्खनन हाती घ्यावे ही गोष्ट आपल्या समाजाच्या दृष्टीने मोठी आहे आणि तिचा अभिमान वाटलाच पाहिजे.

हिडिंबा टेकडीतून विटांची फार मोठी वास्तू निघाली. पायथ्याशी राजवाड्यासारखे बांधकाम निघाले. उत्खनन करणाऱ्यांनी तिथे स्तूप आणि बौद्ध अवशेष असल्याचे मांडले. परंतु तिथेच प्रवरेश्वराचे नाव असलेल्या मुद्राही सापडल्या. दुसऱ्या प्रवरसेन वाकाटकाने बांधलेले शिवमंदिर ते हेच आणि त्याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे हान्स बकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी लिहिले. विद्वानांचा वाद आहे. तो चालू द्यावा.

आपल्यातल्या काहींना मात्र हा वाद ऐकला की राग येतो. ते म्हणतात, ही टेकडी आमची की त्यांची, एकदाचे सांगा. बंधूंनो, कालाम लोकांना भगवंतांनी काय शिकवले? परंपरेने सांगितले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, आपला गुरू म्हणतो म्हणूनही मानू नका. हा उपदेश फक्त इतरांच्या पोथ्यांना लावायचा आणि आपल्या आवडत्या टेकडीला लावायचा नाही, असे चालणार नाही. वाकाटकांचे शिवमंदिर निघाले तर ते राखायचे. त्याच्या खाली किंवा त्याच्या अंगावर स्तूप निघाला तर तोही राखायचा. आपले निघावे म्हणून वरचा थर उकरून फेकणाऱ्याने आणि सारनाथच्या विटा नेणाऱ्याने साक्षीचे सारखेच नुकसान केले. अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात सर्व पंथांचा आदर सांगितला आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा स्वतःच्याच पंथाचे नुकसान करतो असे बजावले. बौद्ध राजाने हे लिहिले तेव्हा त्याच्या हाती सत्ता होती. कमजोरीतून आलेले ते बोलणे नव्हते.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे १८६३ सालच्या आपल्या अजब बंगल्यात, देवटेकची एक शिळा आहे. नागभीडकडच्या देवटेक गावी ती मिळाली. म. म. वा. वि. मिराशींनी तिचा अभ्यास केला. तिच्यावर दोन लेख आहेत. एक अशोककालीन वळणाच्या ब्राह्मीत असून त्यात प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई केली आहे. दुसरा त्यानंतर कित्येक शतकांनी वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याने आपल्या धर्मस्थानासाठी त्याच शिळेवर कोरवून घेतला. एकच दगड, दोन काळ, दोन श्रद्धा. कोणी त्यातला एक लेख तासून टाकला असता तर आपण आज अर्धेच शहाणे झालो असतो. मुलांना हा दगड दाखवा. प्राणिमात्रांवरील करुणेची आज्ञा या झाडीपट्टीच्या मुलखात केव्हापासून लिहिलेली आहे ते त्यांना डोळ्यांनी दिसेल.

जुनापाणीचे सांगायचे राहिले. काळ्या दगडांची गोल मांडणी करून मध्ये मृतांच्या वस्तू पुरलेल्या, अशी तिथली शिलावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची माहिती १८७९ साली छापली आणि १९६१-६२ साली पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केले. लोखंडाची हत्यारे आणि घोड्याच्या साजाचे तुकडे असल्या वस्तू विदर्भातील या वर्तुळांतून निघतात. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. ही माणसे लोहयुगातली. त्यांना बुद्ध ठाऊक नव्हता आणि ती कोण होती, कोणती भाषा बोलत होती, हे त्यांनी लिहून ठेवलेले नाही. म्हणून मुलांना घेऊन जाल तेव्हा हेच आपले पूर्वज असे ठासून सांगू नका. ज्यांचे नाव कोणी घेत नाही अशांची ही स्मशाने आहेत एवढे सांगितले तरी मुलाला पुरते. आपल्या वस्तीच्या स्मशानावर अतिक्रमण झाले म्हणजे काय वाटते हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

एक कडू गोष्ट बोलतो. आपल्या भक्तीनेही या जागांचे नुकसान होते. लेण्यात शेकडो मेणबत्त्या लावल्या की मूर्तीच्या चेहऱ्यावर काजळी चढते आणि मेण दगडाच्या छिद्रांत मुरते. जुन्या मूर्तीला तैलरंग देऊन चिवर पिवळे आणि केस काळे केले की कारागिराच्या छिन्नीची खूण बुजते. उत्खननाच्या चरात सिमेंटचा ओटा घालून त्यावर नवी मूर्ती बसविली आणि झेंड्यासाठी खांब रोवला की खालचा थर कायमचा नासतो. शेंदूर फासणाऱ्यांवर आपण टीका करतो. आपला निळा रंग आणि त्यांचा शेंदूर, दगडाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. भिंतीवर स्वतःचे नाव व 'जयभीम' कोरणाऱ्या तरुणाला बाबासाहेबांच्या नावाचा आपण कसा वापर करतो आहोत हे कळत नाही. त्याला तिथल्या तिथे, चारचौघांत नाही पण स्पष्टपणे, समजावून सांगायला हवे. वंदना करायची तर हात जोडा, त्रिशरण-पंचशील म्हणा, फुले बाहेर ठेवा, मेणबत्ती विहारात लावा.

कायदाही माहीत असू द्या, कारण कायदा आपल्या बाजूचा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकणारा ४९ वा अनुच्छेद संविधानात पहिल्यापासून आहे. नागरिकाने आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपावा हे मूलभूत कर्तव्य १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ५१-क मध्ये आले. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार केंद्र-संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरांच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. स्मारकाची नासधूस केल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वावरात नांगरताना नाणी, मूर्ती, दागिना असे काही निघाले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. लपवून ठेवलेली वस्तू भंगारवाल्याच्या किंवा दलालाच्या हाती जाते आणि मग ती कोणाचीच साक्ष देत नाही. ती कुठे, किती खोल, कशाच्या शेजारी होती हे माहीत असेल तरच ती बोलते.

पण नुसत्या फलकाने आणि कलमाने जागा राहत नाही. रानातल्या टेकडीवर रात्रंदिवस चौकीदार ठेवणे कोणत्याही खात्याला जमणार नाही. तिथे जवळचे गावच हवे, आणि गावात आपण आहोत. माझे सांगणे फार लहान आहे. प्रत्येक विहाराने आपल्या जवळची एक जागा निवडावी. ती बौद्धच असली पाहिजे असे नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी किंवा येणाऱ्या रविवारी पाच-सहा जणांनी तिथे जाऊन यावे, त्यात महिला मंडळाच्या दोघीजणी असाव्यात, कारण कोणत्या घरचा दगड कुठून आला हे त्यांना बरोबर ठाऊक असते. प्लास्टिक, बाटल्या उचलाव्यात. झाडोरा मात्र खात्याला विचारल्याशिवाय उपटू नये, मुळाबरोबर वीटही निघते. काहीही खणू नये, काहीही डागडुजी करू नये, चुना लावू नये. गावकऱ्यांशी, मग ते कुणबी असोत, गोंड असोत की मुसलमान, बोलत राहावे. टेकडीचे नाव त्यांच्याकडे काय आहे, तिथे पूर्वी काय भरत असे, हे विचारावे. जागा राखायची तर शेजाऱ्याला बरोबर घेतल्यावाचून गत्यंतर नाही. नगराबाहेरची चैत्ये वज्जींनी एकट्या राजवाड्यातून राखली नव्हती.

आणि एक वही ठेवा. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. तिच्यात तारीख, कोण गेले, काय पाहिले ते लिहा. वर्तुळे किती मोजली, कोणता दगड मागच्या वेळी होता आणि आता नाही, मुरमाच्या गाडीची चाके कोणत्या बाजूने आली, नवा खड्डा किती हात खोल. शक्य असेल तर एकाच जागी उभे राहून एकाच बाजूने फोटो काढा. वहीची एक प्रत ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ठरावात नोंदवून घ्या. दुसरी प्रत पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. जागा केंद्राची नसेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला द्या. उत्तर आले नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज करा, आधीच्या पोचेचा क्रमांक टाकून. हे काम सातवी-आठवीतल्या मुलामुलींना सोपवले तर ती आपल्यापेक्षा नेटके करतात, असा बऱ्याच ठिकाणचा अनुभव आहे. फक्त वहीच्या पहिल्या पानावर जागेचे नाव, गाव, तालुका आणि गट क्रमांक तेवढा तलाठ्याकडून बघून अचूक घाला.

जयभीम. नमो बुद्धाय.